बॅरॅक की घर: साताऱ्याजवळच्या एका बालगृहाच्या आराखड्याचं प्रकरण

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेला माणूस घरटी नसला, तरी आळीत एक सापडतोच. अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले आणि त्यांचा स्तंभ गावात आहे. अशाच एका गावच्या निवृत्तांनी एक न्यास स्थापन केला. देशाच्या सीमाभागातल्या हिंसाचारात पोरकी झालेली ५० मुलं साताऱ्याला आणायची, वाढवायची, शिकवायची असा त्यांचा हेतू होता. कोरेगाव रस्त्यापासून आत गेल्यावर माळाचा एक तुकडा एका विश्वस्तांनी दान दिला होता, देणगीदारही तयार होते. नकाशा करायला ते माझ्याकडे आले. मी साताऱ्यात वास्तुरचनेचं काम करते. शाळा, दवाखाने, वसतिगृहं हाच माझा बहुतेक व्यवसाय आहे.

एक कच्चा आराखडा ते घेऊनच आले होते. पंचवीस-पंचवीस लोखंडी खाटांचे दोन लांब हॉल, मध्ये बोळ. संडास-न्हाण्या मागच्या बाजूला, वेगळ्या इमारतीत. अधीक्षकांचं निवासस्थान फाटकापाशी. पुढे कवायतीचं मैदान आणि झेंड्याचा खांब. प्रवेशाला किल्ल्याच्या दरवाजासारखी कमान, तिला दोन बुरूज, आतल्या भिंतीवर हुतात्म्यांच्या तसबिरी. स्वयंपाकघरावर पेन्सिलीनं ‘लंगर’ लिहिलेलं होतं. माया होती त्यामागे, शंकाच नाही. ज्या जागेनं त्यांना स्वतःला वाढवलं होतं, ती त्यांनी मुलांसाठी काढली होती.

नियमांच्या हिशेबातही तो आराखडा चोख होता. बाल न्याय अधिनियम २०१५ खालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ५० मुलांच्या संस्थेसाठी मापं सुचवली आहेत. दोन शयनगृहं प्रत्येकी १,००० चौरस फुटांची, म्हणजे मुलामागे ४० चौरस फूट. जेवणघर ८००, स्वयंपाकघर २५०, समुपदेशनाची खोली १२०, असं करत बेरीज ८,४९५ चौरस फुटांवर जाते. त्यात दोन कार्यशाळांना मिळून २,२५० आहेत. मुलांनी झोपायच्या जागेपेक्षा त्यांनी काम शिकायची जागा मोठी, हे वाचून मी दरवेळी थबकते. ही मापं सुचवलेली आहेत, साच्यासारखी सक्तीची नाहीत. पण तपासणीला येणारा माणूस टेप लावून मोजू शकतो ते एवढंच, म्हणून सगळे आराखडे शेवटी तिथेच जाऊन थांबतात.

रात्रीचे दोन

पहिल्या बैठकीत मी एकच विषय धरला. रात्री दोन वाजता आठ वर्षांचं मूल ओरडत जागं झालं, अंथरूण ओलं झालंय, तर या नकाशात पुढे काय घडतं?

आम्ही पेन्सिल घेऊन चालून पाहिलं. मूल खाटेवरून उतरतं. चोवीस मुलांसमोरून हॉलभर चालतं, कारण दार टोकाला आहे. मग व्हरांडा, मग उघडं अंगण, मग संडास. मोठं माणूस फाटकापाशी झोपलेलं, हाक ऐकू जाणार नाही इतक्या लांब. न्यासाचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार. ते म्हणाले, “रात्रीचा गार्ड असणार की, मॅडम. बॅटरी घेऊन फिरंल.” मी विचारलं, ज्या मुलाच्या घरात एकदा रात्री बॅटरी घेऊन गणवेशातली माणसं शिरली होती, त्याच्या तोंडावर उजेड पडला तर? बैठक जरा शांत झाली.

युद्धातून आलेल्या मुलांबद्दल जगभरचे सांभाळणारे लोक जे सांगतात त्यात फार गूढ असं काही नाही. दुःस्वप्नं पडतात. अंथरूण ओलं होतं. मोठ्या आवाजाला मूल खाटेखाली जातं. दाराकडे पाठ करून बसत नाही. पोटभर वाढलं तरी भाकरीचा तुकडा उशीखाली लपवतं. यातलं बरंचसं रात्री घडतं आणि आपल्या संस्थांच्या इमारती दिवसा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी काढलेल्या असतात. तेव्हा आम्ही ठरवलं की आधी रात्र काढायची. दिवस त्यात बसेल तसा बसवू.

सुभेदारांना हे सगळं लाड वाटत होते. “आम्ही अठ्ठावीस वर्षं बॅरॅकमध्ये काढली. काय बिघडलं आमचं?” चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या, “दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की घरात आधी कोण उठून बसतं, ते सांगा की मॅडमना.” सगळे हसले, तेही हसले. पण त्यानंतर बॅरॅकचा विषय त्यांनी काढला नाही.

एक बाई, किती मुलं

बाकीच्या विश्वस्तांना पटायला जुनी उदाहरणं लागली, आणि ती आहेत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी तिथल्याच हॅम्पस्टेडमध्ये आईबापांपासून तुटलेल्या मुलांची निवासी बालगृहं चालवली. आधी सगळ्या मुलांना सगळ्या परिचारिका सांभाळत. मग त्यांनी चार-पाच मुलांमागे एक बाई नेमून लहान ‘कुटुंबं’ केली. सुरुवातीला गोंधळ वाढलाच. मुलं आपल्या बाईला घट्ट धरून बसली, दुसऱ्या मुलाला तिच्याजवळ फिरकू देईनात, ती बाहेर गेली की आकांत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बरं चाललं होतं ते बिघडवलं. पण याच मुलांचं बोलणं आणि स्वच्छतेच्या सवयी नंतर भराभर सुधारल्या. कुणाचं तरी असण्याची ही किंमत असते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांत रडून मोजावी लागते. मुलं सांभाळायला मावशी नेमताना हे त्यांना आधीच सांगून ठेवावं, असं मी टिपणात लिहून दिलं.

दुसरं उदाहरण नाझींच्या तेरेझिन छळछावणीतून वाचलेल्या सहा मुलांचं. तीन-चार वर्षांची ही मुलं १९४५ मध्ये इंग्लंडला आणली गेली. आईबाप मारले गेलेले. मोठ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता, चावायची, थुंकायची. एकमेकांना मात्र सोडायची नाहीत; एक जण मागे राहिला तर बाकीचे पुढे जाईनात. त्यांना वेगळं करायचं नाही, हे सांभाळणाऱ्यांनी ओळखलं होतं.

ही गोष्ट आमच्या कामाला थेट लागू पडली. वास्तुरचनेच्या वर्गात अनाथालय म्हटलं की ॲम्स्टरडॅमचं अनाथालय दाखवतात. आल्डो व्हान आयक यांनी रचलेलं, १९६० मध्ये पुरं झालेलं, १२५ मुलांचं. वर छोट्या घुमटांची जाळी, आत रस्त्यासारखा बोळ, उंबऱ्यापाशी रेंगाळायला जागा. मीही त्याच्या प्रेमात आहे. पण त्यातले आठ विभाग वयावर आणि मोठ्या मुलांत मुलगा-मुलगी यावर पाडलेले आहेत. अकरा वर्षांच्या बहिणीनं तीन वर्षांच्या भावाला गावातून कडेवर घेऊन आणलं असेल, तर त्या सुंदर इमारतीत दोघं दोन टोकांना जातील. घुमट घ्यावेत की नाही ही पुढची गोष्ट. भावंडं कुठे झोपतात, कुठे जेवतात, हे आधी.

आपल्याकडेही मोठ्या मुलामुलींना एकाच घरात ठेवायला नियम आडवे येतात. म्हणून दोन घरं काढली, समोरासमोर, मधे एकच अंगण. एका घरात आठ जणी, दुसऱ्यात आठ जण. दोन्हींच्या ओसऱ्या अंगणाकडे तोंड करून. रात्री झोपायला वेगळे, पण न्याहारीपासून अभ्यासापर्यंत भाऊबहीण एकमेकांच्या नजरेत.

घराचा नकाशा असा झाला. ओसरीतून सोप्यात. सोप्याच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर, अर्ध्या भिंतीचं, म्हणजे भाकरी थापता थापता मावशींना सोपा आणि ओसरी दोन्ही दिसतात. मागे मुलांच्या दोन खोल्या, प्रत्येकी चार खाटा. त्या दोन खोल्यांच्या मधे मावशींची खोली, दोन्हीकडे दार. प्रत्येक खोलीला लागून संडास आणि न्हाणी, वाटेत झिरोचा दिवा, तो इन्व्हर्टरवर. प्रत्येक खाट भिंतीला टेकलेली आणि खाटेवरून दार दिसेल अशी. चार खाटांच्या खोलीत हे साधतं, पंचवीसच्या हॉलमध्ये मधल्या मुलांना भिंतच नसते. संडासाला आतून कडी, पण अडचणीला बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल अशी. खिडकीला गज आहेत, तरी प्रत्येक खोलीतली गजांची एक झडप आतून उघडते. आग लागली तर एकच वाट नको, आणि जी मुलं कोंडली गेली आहेत त्यांना दुसरी वाट आहे हे ठाऊक असावं. फाटकाला चॅनल गेट नको म्हणून मी हटून बसले. त्याचा खडखडाट आणि कुलूप लावतानाचा आवाज कुणालाही तुरुंग आठवून देईल. लाकडी दार महाग पडलं.

प्रत्येक मुलाला किल्ली असलेली एक पेटी. किल्ली मुलाकडेच, दुसरी कुणाकडे नाही. खजिनदारांना यावर आक्षेप होता, “उद्या आत काय ठेवतील, कसं कळणार?” नाही कळणार. त्यासाठीच पेटी.

सुरुंग

जागेला एक दोष होता, आणि तो आराखड्यानं पुरता जाण्यासारखा नव्हता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दगडखाण आहे. दुपारी सुरुंग उडतात, तेव्हा जमिनीतून हादरा येतो. त्यात गावच्या जत्रेतले नळे, लग्नातले फटाके, गणपतीतला डॉल्बी. साताऱ्यात राहून हे टळणार नाही, पण सुरुंग रोजचा.

जागा बदला, असं मी लेखी सांगितलं. दानाची जमीन नाकारणं न्यासाला जमलं नाही, आणि गावच्या हिशेबात ते समजण्यासारखं आहे. मग दोन्ही घरं रस्त्याकाठच्या उंचवट्यावरून काढून ओढ्याकडच्या खोलगटात, पण पुराच्या पाण्याच्या वर नेली. खाणीच्या बाजूची भिंत काळ्या दगडाची, दीड फूट जाड, तिच्यापुढे पायाच्या खोदकामातल्या मातीचा बांध. छपराला पत्रा नाही. उन्हानं पत्रा ताडताड वाजतो, आणि वळवाची गार पडली तर गोळीबारच. स्लॅबवर मंगलोरी कौलं घातली. आवाज यानं कमी होतो, हादरा होत नाही. म्हणून खाणवाल्यांशी बोलणं झालं: ठरलेल्या वेळेतच सुरुंग, आणि आधी शिट्टी. आवाज केव्हा येणार हे ठाऊक असलं की मावशी मुलांना अंगणात आणून काहीतरी कामाला लावू शकतात. अचानक येणारा आणि सांगून येणारा, या दोन आवाजांत अशा मुलांसाठी फार फरक असतो. कबुली तोंडी आहे. मला ती पुरेशी वाटत नाही.

तसबिरींच्या भिंतीवरून मात्र खरा वाद झाला. सुभेदारांच्या दोन सोबत्यांचे फोटो तिथे लागणार होते. मी एवढंच म्हटलं, की येणाऱ्या मुलाचा बाप कुणाच्या गोळीनं गेला हे आपल्याला माहीत नसतं. अतिरेक्यांच्या, चकमकीत सापडून, की आणखी कुणाच्या. रोज सकाळी बंदूकधारी माणसांच्या तसबिरींखालून शाळेला जाताना त्याला काय वाटेल, हे आपण त्याच्या वतीनं ठरवू शकत नाही. तसबिरी कार्यालयात गेल्या. बुरूज आणि कमान गेली. बिगूल वाजवायचा नाही हे सुभेदारांनी स्वतःच सुचवलं. दोन विश्वस्त या बैठकीनंतर बाहेर पडले. “मग ही आपली संस्था कशी?” हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

आणायचं का?

यापेक्षा मोठा प्रश्न नकाशाच्या बाहेरचा होता. सीमाभागातलं मूल साताऱ्याला आणावं का?

न्यासानं वळिवड्याचा दाखला दिला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. आपल्या पाचगणीतही पोलिश मुलांना हवापालटासाठी ठेवलं जाई. परक्या मुलुखातली मुलं आपल्या मातीत राहू शकतात, हे खरंच. पण वळिवड्यात मुलं एकेकटी आली नव्हती. त्यांच्याबरोबर पोलिश शिक्षक, पोलिश शाळा, प्रार्थना, स्काउट, स्वतःच्या चुलीवर शिजणारं स्वतःचं जेवण, असं गावच आलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या ट्रोगेनला १९४६ मध्ये युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पेस्टालोझी बालग्राम उभं राहिलं, तिथेही प्रत्येक देशाच्या मुलांना वेगळं घर, त्याच देशाचे सांभाळणारे आणि शिक्षण स्वतःच्या भाषेत होतं, कारण मुलांनी परत जावं असा बेत होता. आमच्या ५० मुलांबरोबर त्यांची भाषा बोलणारं एकही मोठं माणूस येणार नव्हतं. रात्री दोन वाजता मूल कोणत्या भाषेत रडेल, आणि मावशींना ते कळेल का?

कायद्याचा कलही तिकडेच आहे. बाल न्याय अधिनियम संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो आणि मुलाला स्वतःच्या कुटुंबात परत नेण्याला आधी जागा देतो. मूल कुठे ठेवायचं हे त्याच्या जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते, न्यास नाही. २०१० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं मणिपूर आणि आसामच्या बारा वर्षांखालच्या मुलांना शिक्षणाच्या नावाखाली परराज्यात पाठवू नये असा आदेश दिला होता. दक्षिणेतल्या संस्थांमध्ये नेलेल्या मुलांच्या हालांवरून ते प्रकरण उभं राहिलं. शिवाय युद्धातलं ‘अनाथ’ मूल पुष्कळदा पुरतं अनाथ नसतं. आई असते, पण पोसू शकत नाही. मामा असतो, त्याचा पत्ता लागायचा असतो. रेडक्रॉससारख्या संस्था वर्षानुवर्षं नातेवाईक शोधत बसतात ते याचसाठी. मूल दोन हजार किलोमीटर नेलं की हा शोध तिथेच थांबतो.

उलट जाणारा मराठी माणूसही आहे. अधिक कदम यांनी २००२ पासून बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनमार्फत कुपवाड्यात मुलींची घरं उभी केली. मुली काश्मिरातच राहिल्या, त्यांच्या भाषेत, त्यांच्या थंडीत. सुभेदारांनी हे नाव ऐकलं होतं, पण आपल्या बेताशी ते ताडून पाहिलं नव्हतं. त्यांना पटलं ते मात्र वेगळ्याच उदाहरणानं. ज्यानं १९४९ मध्ये ऑस्ट्रियात इम्स्टला पहिलं एसओएस बालग्राम काढलं, तो हर्मन ग्माइनर स्वतः दुसऱ्या महायुद्धातला सैनिक. आई लहानपणी गेलेली, थोरल्या बहिणीनं भावंडं वाढवली. युद्धावरून आल्यावर त्यानं काय मांडलं? एक आई, काही भावंडं, एक घर, आणि अशा घरांचं गाव. “फौजीच होता म्हणा की,” सुभेदार म्हणाले. त्या दिवशी ठराव झाला: परराज्यातून मुलं आणायची नाहीत, सातारा जिल्ह्याची बालकल्याण समिती पाठवील ती मुलं घ्यायची, भावंडं असलेली आधी, आणि निधीचा एक हिस्सा दरवर्षी सीमाभागातल्या नोंदणीकृत बालगृहाला द्यायचा. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी युद्ध पाहिलेलं नसेल. घरातली मारहाण, अपघात, आत्महत्या पाहिलेली असते, आणि रात्री दोन वाजता तीही उठतात.

या ठरावातून नकाशात एक खोली वाढली. अंगणाच्या कडेला पाहुण्यांची, न्हाणीसकट. मुलाची आजी किंवा मावसा भेटायला आला, तर त्याला संध्याकाळच्या एसटीनं परत लावू नये. रात्रभर राहावं, सकाळी मुलाबरोबर चहा घ्यावा. परतीची वाट अशाच भेटींतून तयार होते. तपासणीच्या यादीत असल्या खोलीला जागाच नाही, म्हणून नकाशावर तिला ‘साठवण’ म्हणू का, असं अभियंत्यांनी विचारलं. आम्ही ‘पाहुण्यांची खोली’ असंच लिहिलं.

पगार

पन्नास मुलांऐवजी दोन घरांतली सोळा, असा आकार घटला तसा खर्चाचा हिशेब उलटा झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच आहे. स्लॅबला देणगीदार मिळतो, खोलीवर नाव कोरता येतं. मावशींच्या पगाराला मिळत नाही. पण घराला दोन मावशी हव्यात, एक सुट्टीवर असताना दुसरी, आणि बदली आलीच तर तीही ठरलेलीच. कमी पगारावर ठेवलेली बाई सहा महिन्यांत जाते, आणि मुलाच्या आयुष्यातून आणखी एक माणूस नाहीसं होतं. तसं होणार असेल तर दीड फुटी दगडी भिंतीनं काय राखलं?

म्हणून बांधकामातून वाचलेली रक्कम ठेवीत टाकली, व्याज फक्त पगाराला. देणगीदारांपैकी काही नाराज झाले. एकांनी भोजनगृहासाठी कबूल केलेली रक्कम परत घेतली, कारण आता भोजनगृहच नव्हतं. मुलं सोप्यात पंगतीनं जेवणार होती.

मुलींच्या घराचा गिलावा झालाय आणि नोंदणीचा अर्ज गेलाय. बालकल्याण समितीच्या सदस्या जागा पाहून गेल्या, त्यांनी शयनगृह कुठे आहे असं विचारलं. चार खाटांची खोली दाखवल्यावर एका खाटेवर बसून दार दिसतं का ते त्यांनी स्वतः पाहिलं. मुलींच्या घराच्या दोन्ही मावशी ठरल्यात. स्वयंपाकघराला रात्री कुलूप लावायचं की नाही यावर खजिनदारांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. सध्या तडजोड अशी की कुलूप लागेल, पण भाकरीची दुरडी आणि गुळाचा डबा बाहेर सोप्यातल्या कोनाड्यात राहील, मोजदाद न करता. समोरच्या घराचं जोतं तयार आहे. वरचं काम, ठेवीचं व्याज वर्षभर पगारांना पुरतंय का हे पाहिल्यावरच सुरू करायचं ठरलंय. त्याची कोनशिला मात्र देणगीदाराच्या नावासह आत्ताच कोरून आलीय आणि सुभेदारांच्या पडवीत भिंतीला टेकून ठेवलीय.